आडवी बाटली, उभा आलेख

सरकारच्या दारूधोरणानं लोकांची तब्येत सुधारली का, हे सातारा-सांगलीपुरतं तपासायचं काम तुमच्या गळ्यात पडलं असेल, तर घाबरून जाऊ नका. काय मोजायचं हे एकदा नीट ठरवलं की धोरण आपोआप पास होतं.

आधी कुठलं धोरण तपासायचं ते निवडा, कारण राज्याकडं ती दोन आहेत. 2011 चं व्यसनमुक्ती धोरण सामाजिक न्याय विभागाकडं आणि विक्रीचं राज्य उत्पादन शुल्क विभागाकडं. पहिल्यात पथनाट्यं, शपथा आणि पोस्टर मोजा, दुसऱ्यात महसूल. दोन्हीकडं वाढच सापडेल. मधे माणसाचं लिव्हर येतं, पण ते आरोग्य विभागाकडं. तुम्हाला काम देणाऱ्या पत्रात त्या विभागाचा उल्लेख नसेल तर उगाच तिकडं फिरकू नका.

विक्रीचे आकडे बल्क लिटरमध्येच मागवा. बाटलीत अल्कोहोल किती, याच्याशी बल्क लिटरला देणंघेणं नसतं. स्ट्राँग बिअरचा लिटर आणि देशीचा लिटर तिथं सख्खे भाऊ. समजा, एका तालुक्यात बिअर पाच लाख लिटरनं घटली आणि देशी एक लाख लिटरनं वाढली. झाली चार लाख लिटरची घट, बातमी तयार. एखादा आगाऊ कारकून बिअरला 8 टक्क्यांनी आणि देशीला 42.8 टक्क्यांनी गुणायला बसला, तर शुद्ध अल्कोहोल बिअरमधून 40,000 लिटरनं कमी झालं आणि देशीतून 42,800 लिटरनं वाढलं, असं भलतंच काहीतरी निघेल. त्याला जनगणनेच्या कामाला लावा.

त्याच कारकुनाच्या हाती देशीची चपटीही देऊ नका. 180 मिलीच्या चपटीत 77 मिली, म्हणजे साधारण 61 ग्रॅम अल्कोहोल असतं. जागतिक आरोग्य संघटनेचं एका ड्रिंकचं माप 10 ग्रॅमचं, त्या हिशेबानं ही सहा ड्रिंक झाली. संघटनेच्या दहा प्रश्नांच्या चाचणीत ‘एका बैठकीत सहा किंवा जास्त कितीदा?’ हा तिसराच प्रश्न आहे. म्हणून आपल्या प्रश्नावलीत माप ‘क्वार्टर’, म्हणजे तीच 180 मिली, ठेवायचं. उत्तर येतं, ‘एकच घेतो साहेब, तीपण संध्याकाळची.’ ‘माफक’च्या रकान्यात टिकमार्क करा आणि पुढच्या घरी चला.

किंमतीच्या प्रकरणात जून 2025 चा निर्णय ठळक छापा. 180 मिलीची किमान किंमत देशीला 80 रुपये, राज्यातच धान्यापासून बनणाऱ्या नव्या ‘महाराष्ट्र मेड लिकर’ला 148 आणि भारतीय बनावटीच्या विदेशी मद्याला 205. महाग झाली की पिणं कमी होतं, हे जगभर सिद्ध झालेलं आहे, तेवढं वाक्य जरूर घ्या. 205 परवडेनासे झालेल्याला 148 ची पायरी सरकारनंच बांधून दिली, हे घेऊ नका. निर्णयाबरोबर 14,000 कोटींच्या जादा महसुलाचा अंदाज जाहीर झाला. किती लोकांचं लिव्हर वाचेल याचा अंदाज कुणी मागितला नव्हता, तुम्हीही देऊ नका. स्कॉटलंडचं तर नावच काढू नका. तिथं 2018 पासून लेबल न बघता अल्कोहोलच्या मापावर किमान किंमत लावली, मग कायदा नसलेल्या इंग्लंडशी तुलना केली आणि दारूनं थेट होणारे मृत्यू अंदाजापेक्षा 13.4 टक्क्यांनी कमी निघाले. अशा तुलनेचा नाद वाईट. उद्या कुणी आपल्या पलूसची तुलना कर्नाटकातल्या चिकोडीशी करायला सांगेल.

मृत्यू मोजावेच लागले तर दाखल्यावरून मोजा. दवाखान्यातल्या नमुना 4 मध्ये, म्हणजे मृत्यूच्या कारणाच्या दाखल्यात, शेवटी काय झालं, ते कशामुळं आणि मुळात कशामुळं, अशा ओळी असतात. पहिल्या ओळीत ‘हृदय व श्वसनक्रिया बंद पडल्याने’ लिहून खालच्या रिकाम्या सोडल्या की दारू कागदावर येत नाही. हृदय बंद पडल्याशिवाय कोण मेलंय? घरीच वारलेल्याचं तर आणखी सोपं. वीस वर्षं रोज पिऊन, पोटात पाणी होऊन माणूस जातो आणि चौकातल्या फ्लेक्सवर ‘अल्पशा आजाराने’ येतं.

धाडींना मात्र हात आखडू नका. ‘दोन हजार लिटर कच्चं रसायन जागेवर नष्ट’ असं लिहा. रसायन म्हणजे गूळ-नवसागराचं आंबवण, भट्टीवर चढण्याआधीचं. त्यातून दारू अगदी कमी उतरली असती. पण लिटर ते लिटर.

लोकसहभागासाठी आडव्या बाटलीचं, म्हणजे गावातलं दारूचं दुकान बंद करायच्या मतदानाचं, एक प्रकरण लागेलच. गावातल्या 25 टक्के महिला मतदारांच्या सह्या, मग त्यांची पडताळणी, मग गुप्त मतदान. दुकान बंद व्हायला यादीतल्या एकूण महिलांपैकी निम्म्याहून अधिक जणींनी आडव्या बाटलीवर शिक्का मारायला हवा. नीट वाचा, यादीतल्या; आलेल्यांपैकी नव्हे. यादीत 800 नावं, आल्या 520, आडवीला 390, उभीला 130. चारात तीन बायका बंद करा म्हणाल्या आणि दुकान चालू, कारण 401 हव्या होत्या. राहिलेल्या 280 मध्ये सासरी गेलेल्या लेकी असतात, पुण्यात धुणीभांडी करणाऱ्या असतात, जतकडून ऊसतोडीला गेलेल्या असतात आणि वारल्या तरी नाव न कमी झालेल्या म्हाताऱ्याही. त्या सगळ्या उभ्या बाटलीकडून धरल्या जातात. अहवालात ‘महिलांचा कौल दुकानाच्या बाजूने’ एवढंच लिहा. मतदान ऐन गळिताच्या हंगामात झालं, हे तळटीपेतसुद्धा नको.

एक आलेख हवाच, नाहीतर अहवाल कुणी उघडत नाही. वर्षाचा काढू नका, तो चढतो. 1 आणि 2 ऑक्टोबर, दोनच खांब काढा. 1 तारखेला उद्या ड्राय डे म्हणून संध्याकाळी दुकानासमोर रांग लागते, माणसं दोन-दोन दिवसांची घेऊन जातात, खांब चांगला उंच येतो. 2 तारखेला शून्य. एका रात्रीत शंभर टक्के घट. खाली ‘गांधी जयंती’ असं बारीक अक्षरात लिहिलं तरी चालेल.