चार वर्षांतले सरहद्दीच्या वाट्याला किती येते?

अग्निपथ योजनेचा विषय निघाला की आपल्याकडची चर्चा दोन मिनिटांत पेन्शनवर येते आणि तिथेच अडकते. पेन्शनचा प्रश्न खोटा नाही, पण माझा आक्षेप त्याच्या अलीकडचा आहे. ज्या वर्षांत चीनलगतच्या सीमेने लष्कराकडे अधिक माणसे आणि अधिक मुरलेली माणसे मागितली, नेमक्या त्याच वर्षांत आपण जवानाच्या सेवेची मुदत चार वर्षांवर आणली. ही दोन धोरणे एकमेकांना छेद देतात, असे माझे मत आहे.

चार वर्षांचा हिशेब मांडून पाहा. आपल्या सोलापूर भागातला मुलगा मराठा लाइट इन्फंट्रीत निवडला गेला, तर तो आधी बेळगावच्या केंद्रात जातो. पायदळातील अग्निवीराचे, म्हणजे या योजनेतून भरती झालेल्या जवानाचे, प्रशिक्षण 31 आठवड्यांचे, म्हणजे सुमारे सात महिन्यांचे असते. पुढे वर्षाला तीस दिवसांची रजा. पलटण लडाखमध्ये असेल तर वर चढवण्याआधी शरीर हवेला सरावावे लागते: नऊ हजार फुटांच्या वर सहा दिवस, बारा हजारांच्या वर चार दिवस आणि पंधरा हजारांच्या वर आणखी चार दिवस. महिनाभर गावी राहून परतलेल्याला थोडेफार पुन्हा रुळावे लागते ते वेगळेच. युनिट काही काळ सीमेवर आणि काही काळ शांततेच्या ठिकाणी असते, त्यामुळे अनेकांच्या वाट्याला चार वर्षांत सीमेवरची एकच पाळी येणार. गस्तीचा नाला, बर्फ कुठे दगा देतो, समोरच्याची चाल, हे सगळे अंगवळणी पडते न पडते तोच निरोपाची वेळ होते, कारण शंभरातल्या पंचवीस जणांनाच कायम ठेवतात आणि पंचाहत्तर जणांना घरी पाठवतात. शेवटचे वर्ष तर मूल्यमापनाच्या सावलीतच जाणार. ज्याच्या भरवशावर रात्रीचा पहारा द्यायचा, तोच कायम होण्याच्या जागेसाठी स्पर्धक ठरतो. एकत्र लढणाऱ्या छोट्या तुकडीत, म्हणजे सेक्शनमध्ये, हे बरे नव्हे.

15 जून 2020 च्या गलवान चकमकीत आपले वीस जवान हुतात्मा झाले. त्यानंतर पूर्व लडाखमध्ये पन्नास हजारांहून अधिक सैनिक वर्षानुवर्षे खिळून राहिले. ऑक्टोबर 2024 मध्ये देपसांग आणि डेमचोक येथील गस्तीबाबत समझोता झाला, पण त्यामुळे ही तैनाती लगेच खाली उतरली नाही. चीनलगतची ही प्रत्यक्ष ताबारेषा आपल्या हिशेबाने 3,488 किलोमीटर लांब आहे. तिच्यावर शांततेच्या काळात पहारा देणारे इंडो-तिबेट सीमा पोलीस दल गृह मंत्रालयाकडे आहे, तर लष्कर संरक्षण मंत्रालयाकडे. एकाच डोंगरावर दोन मंत्रालयांची माणसे उभी असतात आणि त्यांच्यावरचा हुकूम एका हाती असावा, ही जुनी मागणी अजून रेंगाळलेली आहे. त्यातच कोविडच्या काळात लष्कराची भरती दोन वर्षे बंद होती, निवृत्ती मात्र चालूच राहिली.

सरकारची बाजू पोकळ आहे असे मी म्हणणार नाही. 2025-26 च्या 6.81 लाख कोटींच्या संरक्षण अर्थसंकल्पात निव्वळ पेन्शनवर 1.60 लाख कोटींहून अधिक रक्कम आहे. एवढा भार असताना ड्रोन आणि रडारसाठी पैसा कुठून आणायचा, हा प्रश्न कोणत्याही सरकारला पडेल. जवानांचे सरासरी वय खाली यावे, हेही उंचावरच्या सीमेसाठी योग्यच. चीनमध्येही सक्तीने भरती झालेला तरुण दोनच वर्षे असतो, हे उदाहरण वारंवार दिले जाते. पण तिथे मुदतीपलीकडे राहणाऱ्या अनुभवी हवालदारवर्गावर भर वाढवला जात आहे, हा भाग सांगायचा राहून जातो.

सोलापुरात या धोरणाचा परिणाम सकाळी साडेपाचलाच दिसतो. मोहोळ, माढा, सांगोला, मंगळवेढ्याकडची मुले इथल्या अकॅडमीत राहतात, सोळाशे मीटर साडेपाच मिनिटांत आणण्यासाठी धावतात आणि दहा बीम (पुल-अप) मारतात. 2023 पासून संगणकावरचा पेपर आधी आणि ग्राउंड नंतर असा क्रम झाल्याने धावून आल्यावर घाम पुसत गणिताच्या वर्गात बसतात. पूर्वी यातली बरीच मुले फक्त आर्मीचे नाव घेत. आता एकच मुलगा आर्मी, पोलीस आणि राज्य राखीव दल असे तिन्ही फॉर्म भरतो आणि पहिली पसंती विचारली तर खाकी सांगतो, कारण ती कायमची आहे. माझ्या ओळखीच्या एका निवृत्त सुभेदारांनी धाकट्या मुलाला पोलिसांतच जायला सांगितले. स्थळे बघणारी मंडळीही आता फौजी मुलाबद्दल आधी विचारतात, "कायम झालाय का?" लष्कराला हव्या असलेल्या मुलांपैकी निवडक मुले अशी आधीच दुसरीकडे वळू लागली असतील, तर त्याची नोंद कोणत्याही तक्त्यात होणार नाही.

पैशाबाबत एवढेच सांगतो की पहिल्या वर्षी तीस हजारांतले एकवीस हजार हातात येतात आणि चार वर्षांनंतर सेवा निधी या एकरकमी रकमेचे सुमारे 11.71 लाख मिळतात. हे कमी नाही. पण ऑक्टोबर 2023 मध्ये सियाचिनमध्ये कर्तव्यावर असताना मृत्यू पावलेला पहिला अग्निवीर आपल्याच महाराष्ट्रातला, बुलढाणा जिल्ह्यातला होता. अशा कुटुंबाला विमा आणि सानुग्रह मिळून मोठी रक्कम मिळते, मात्र नियमित जवानाच्या घरच्यांना मिळणारे कौटुंबिक निवृत्तिवेतन मिळत नाही. त्याच बर्फात, त्याच चौकीवर उभ्या असलेल्या दोघांच्या आईवडिलांमध्ये हा फरक का असावा, याचे पटेल असे उत्तर मला अजून कोणी दिलेले नाही.

योजना गुंडाळा, असे माझे म्हणणे नाही. मुदत सात-आठ वर्षांची करावी, पायदळात निम्म्या जणांना कायम ठेवावे आणि बाहेर पडणाऱ्यांना सीमेवरच्याच दलांत थेट सामावून घ्यावे, म्हणजे लडाखचा अनुभव लडाखच्या कामी येईल. पहिल्या तुकड्यांची मुदत 2026 च्या अखेरीपासून संपू लागते. आकडा बदलायचा असेल तर त्यांच्या हाती सेवामुक्तीचे कागद पडण्याआधी बदलावा; नंतर वाढवलेल्या जागा पुढच्या तुकड्यांना मिळतील आणि ताबारेषेवर तयार झालेली ही पहिली मुले तोवर सोलापुरात पोलीस भरतीचा फॉर्म भरत असतील.