प्रतिक्रियेला उत्तर : कोरियन माणूस विषमता निमूट सोसतो का?

नमस्कार. दक्षिण कोरियावरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही लिहिलंत, की तिथली माणसं कन्फ्यूशियसच्या संस्कारातली, कष्टाळू. ती श्रीमंतांचा हेवा करत नाहीत, सरकारपुढे हात पसरत नाहीत, आणि संपत्तीच्या फेरवाटपाची मागणी मीच त्यांच्या तोंडी घातली आहे. आरोप गंभीर आहे, म्हणून सविस्तर लिहिते.

संस्कारांच्या आधी जमीन बघू. १९४५ साली तिथली जवळपास निम्मी शेतकरी कुटुंबं निव्वळ कुळं होती. १९५० च्या जमीन सुधारणेत साधारण ३ हेक्टरांची कमाल मर्यादा आली. त्यावरची जमीन सरकारनं घेऊन कुळांना दिली. वर्षाच्या पिकाच्या दीडपट मोल त्यांनी ५ वर्षांत फेडायचं होतं. जपान आणि तैवाननंही त्याच सुमारास कसणाऱ्याला जमीन दिली. ‘कष्ट केले की वर येता येतं’ या ज्या विश्वासाचं तुम्ही कौतुक करता, तो माझ्या मते या वाटपानंतर रुजला. कुळाचा मुलगा शाळेत टिकला, परीक्षेला बसला, तो घरची जमीन झाली म्हणून.

फेरवाटपाची मागणी शाळेतल्या मोफत जेवणाच्या वादातही दिसली. श्रीमंतांच्या मुलांना ते कशाला, असं म्हणत सोलचे महापौर ओ से-हून यांनी २४ ऑगस्ट २०११ ला सार्वमत घेतलं. जेवण सगळ्याच मुलांना मिळावं म्हणणाऱ्या विरोधकांनी बहिष्कार पुकारला. एक तृतीयांश मतदान हवं होतं, झालं २५.७ टक्के. मतपेट्या उघडल्याच नाहीत आणि महापौरांनी राजीनामा दिला.

तिथल्या तरुणांना परीक्षेशिवाय कुणाला काही मिळालेलं खपत नाही, हे तुमचं म्हणणं मात्र मला मान्य आहे, आणि मूळ लेखात ते गाळलं ही माझी चूक. २०२० मध्ये इंचॉन विमानतळावरच्या सुमारे १,९०० कंत्राटी सुरक्षा कर्मचाऱ्यांना थेट सेवेत घ्यायचं ठरलं, तेव्हा नोकरीसाठी अभ्यास करणारी तरुण मुलं खवळली. आम्ही वर्षानुवर्षं परीक्षा द्यायच्या आणि हे मागच्या दारानं येणार? राष्ट्राध्यक्षांच्या कार्यालयाकडे केलेल्या अर्जावर दोन लाखांहून जास्त सह्या झाल्या. हे वाचून मला फार वाईट वाटलं होतं. पण ‘सोन्याचा चमचा’ (श्रीमंताघरी जन्मलेला) आणि ‘मातीचा चमचा’ (गरिबाघरी जन्मलेला) हे शब्द २०१५ च्या सुमारास याच पिढीच्या तोंडी आले. बापाच्या पैशानं पुढे गेलेल्यावरही तिचा तितकाच राग आहे. विषमता तिला चालते असं यातून निघत नाही. रांग मोडलेली तिला चालत नाही, मग ती वरच्यानं मोडो की खालच्यानं.

आणि हात न पसरण्याबद्दल. सोलच्या रस्त्यांवर हातगाडी ओढत पुठ्ठे, रद्दी गोळा करणारी म्हातारी माणसं दिसतात. तिथल्या पासष्टीपुढच्या लोकांपैकी ४० टक्क्यांच्या आसपास सापेक्ष गरिबीत, म्हणजे देशातल्या मधल्या उत्पन्नाच्या निम्म्याहून कमी उत्पन्नात, आहेत. राष्ट्रीय पेन्शन योजना १९८८ ला सुरू झाली, तोवर यांतल्या कित्येकांची कमाईची बरीच वर्षं उलटून गेली होती. देश उभा राहत होता तेव्हा कारखान्यांत आणि शेतांत राबणारी हीच माणसं. त्यांचे कष्ट कुठे कमी पडले, ते तुम्ही मला सांगा.