लिनस टोरवाल्ड्सने कॉलेज सोडलं नव्हतं

"लिनस टोरवाल्ड्सने कॉलेजला लाथ मारली, एकट्याने एका रात्रीत लिनक्स लिहिलं, जगाला फुकट वाटलं, एक पैसा घेतला नाही. डिग्री म्हणजे नुसता कागद!" आणि शेवटी खास खान्देशी फोडणी : "आपल्या अमळनेरच्या अझीम प्रेमजींनीही कॉलेज सोडलं होतं."

हा फॉरवर्ड सध्या जळगाव-धुळ्याकडच्या ग्रुपांवर फिरतोय. (लिनक्स म्हणजे कॉम्प्युटर चालवणारी एक ऑपरेटिंग सिस्टीम, आणि लिनस तिचा कर्ता.) फिरेना का, म्हटलं असतं. पण इंजिनिअरिंगला असलेल्या माझ्या भाच्याचा ऑपरेटिंग सिस्टीमचा पेपर राहिलाय आणि साहेब परीक्षेचा फॉर्म भरायला तयार नाहीत. आक्का रडकुंडीला आलीय. विचारलं तर मोबाइल पुढे केला : "डिग्री लिसन काय करनं शे, मामा?"

तर आधी कॉलेजचं. साफ खोटं आहे. लिनस 1988 साली हेलसिंकी विद्यापीठात दाखल झाला. मधले काही महिने फिनलंडच्या सक्तीच्या लष्करी सेवेत गेले. परतल्यावर 1990 मध्ये तो युनिक्स ही आधीची ऑपरेटिंग सिस्टीम शिकला, तेही विद्यापीठाच्या कोर्समध्ये, विद्यापीठाच्या मशीनवर. ज्या मिनिक्स नावाच्या छोट्या सिस्टीमवर बसून त्याने लिनक्स लिहायला घेतलं, ते अँड्र्यू टॅनेनबॉम या प्राध्यापकांनी विद्यार्थ्यांना ऑपरेटिंग सिस्टीम शिकवायला लिहिलेलं. आणि मिनिक्स त्याला भेटलं ते टॅनेनबॉमच्या पाठ्यपुस्तकातून. म्हणजे आमच्या चिरंजीवांचा जो विषय राहिलाय, नेमका तोच! मार्च 1994 मध्ये लिनक्स 1.0 आलं, नाव झालं, तरी गडी विद्यापीठातच होता, शिकवतही होता. शेवटी मास्टर्सचा प्रबंध दिला, तोही लिनक्सवरच : वेगवेगळ्या प्रोसेसरांवर ते कसं चालवायचं. पदवीला आठेक वर्षं लागली, हे खरं. रेंगाळला म्हणा हवं तर. सोडलं म्हणू नका.

"एकट्याने, एका रात्रीत" याला उत्तर खुद्द लिनसनेच देऊन ठेवलंय. 25 ऑगस्ट 1991 ला त्याने मिनिक्सवाल्यांना पाठवलेला संदेश आजही वाचायला मिळतो. त्यात तो सांगतो की हे काम एप्रिलपासून शिजतंय, हा आपला छंद आहे, ग्नूसारखं मोठं काही होणार नाही. लगेच पुढे म्हणतो, बॅश आणि जीसीसी हे दोन प्रोग्राम यावर चालायला लागलेत. ही दोन्ही रिचर्ड स्टॉलमनच्या ग्नू या मुक्त सॉफ्टवेअर प्रकल्पाची, म्हणजे दुसऱ्यांनी आधी लिहिलेली. जीसीसी हा कंपायलर, म्हणजे माणसाने लिहिलेला कोड मशीनच्या भाषेत आणणारा. तो नसता तर लिनसचा सी-कोड मशीनला कळला असता कसा? वर त्याच संदेशात तो लोकांना विचारतो, मिनिक्समध्ये तुम्हाला काय आवडतं, काय नाही. एकटेपणाचा डंका पिटणाऱ्याने निदान तो एक संदेश वाचावा.

घाईत लिहिलेलं त्याचं काही असेल तर ते गिट, म्हणजे कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणारं सॉफ्टवेअर. एप्रिल 2005 मध्ये ते त्याने काही दिवसांत उभं केलं, एवढं मान्य. पण पाठीशी लिनक्सची चौदा वर्षं होती, आणि काही महिन्यांतच गिट जुनिओ हमानो या दुसऱ्या प्रोग्रामरच्या हाती दिलं. तेव्हापासून सांभाळतोय तो.

पैशाचं तर उलटंच आहे. लिनक्सच्या पहिल्या परवान्यात पैसे घेऊन वाटायला मनाई होती. 1992 मध्ये लिनसनेच तो बदलून जीपीएल हा ग्नूचा परवाना लावला, ज्यात विकायला मोकळीक आहे. सोर्स, म्हणजे मूळ कोड, मात्र द्यावा लागतो. पुढे 1997 पासून कॅलिफोर्नियात ट्रान्समेटा या चिप कंपनीत पगारी नोकरी, लिनक्सवर धंदा करणाऱ्या रेड हॅटने दिलेले शेअर ऑप्शन्स, मग आज ज्याला लिनक्स फाउंडेशन म्हणतात तिथला पगार. उपाशी नव्हता हो तो.

राहिले प्रेमजी. 1966 मध्ये स्टॅनफर्ड सोडलं, बरोबर. वडील वारले होते आणि 1945 पासूनची तेलाची कंपनी, म्हणजे पुढची विप्रो, सांभाळायची होती, म्हणून. विषय राहिला म्हणून नाही. आणि बऱ्याच वर्षांनी त्यांनी पदवी पूर्ण केली. ज्या अमळनेरात विप्रोचे शेअर्स जपून लोक करोडपती झाले, तिथल्या ग्रुपवर हे अर्धवट फिरावं आणि कुणी हू का चू करू नये!