कारवार आमचे म्हणता, मग हा चिखल कोणाचा?

आज संध्याकाळी कारवारहून परतले. चहासुद्धा नंतर घेईन, आधी हे लिहून टाकते, कारण अणशीचा घाट चढून जोयडा, रामनगर, लोंढा आणि खानापूर मागे पडेपर्यंत एकच वाक्य माझ्या डोक्यात घोळत होते आणि बेळगावच्या टिळकवाडीत शिरल्यावरही ते गेले नाही. वाक्य असे: "ही झुडपं तेवढी काढून टाकली की समोरचा गड आणि पूल कसा झकास दिसतंय बघा की!" बोलणारे गृहस्थ आपल्या बेळगावचेच होते, हे भाषेवरून कोणालाही कळले असते. त्यांच्या पत्नीने नाकाला पदर लावून "वास यायलाय हो, चला लवकर" अशी पुस्ती जोडली. ही सगळी मंडळी तेव्हा नेमकी त्या झुडपांच्याच सावलीत उभी होती.

ज्यांनी ती जागा पाहिलेली नाही त्यांच्यासाठी सांगते. काळी नदी समुद्राला मिळते तिथे, कोडीबागेच्या बाजूला, पुलाजवळ कांदळवनाचा, म्हणजे खारफुटीच्या झाडांचा, एक लहानसा तुकडा आहे आणि त्यातून फिरण्यासाठी पायवाट बांधलेली आहे. भराभर चालत गेलात तर बघता बघता संपेल एवढेच ते रान आहे. कांदळाची झाडे खोडापासून फुटलेल्या कमानदार मुळांवर उभी असतात, तिवराची श्वसनमुळे चिखलातून उलट्या रोवलेल्या पेन्सिलींसारखी वर आलेली असतात, आणि ओहोटी लागली की त्यांच्यामधून निवट्या मासे सरपटत, उड्या मारत फिरू लागतात. पायवाटेवर दहा मिनिटे न बोलता उभे राहिले तर खंड्या दिसतो, बगळे दिसतात, डोक्यावरून ब्राह्मणी घार जाते. न बोलता उभे राहणे हीच आपल्या लोकांची अडचण आहे.

माझी आत्या सदाशिवगडाच्या बाजूला दिलेली होती. नदीवर पूल झाला नव्हता तेव्हाची ही गोष्ट आहे. कारवारच्या काठावरून होडीने पलीकडे जावे लागे आणि ती होडी हेच माझ्या मे महिन्याच्या सुट्टीचे मुख्य आकर्षण असे. एकदा ओहोटीच्या वेळी आत्या तिसऱ्या (शिंपल्या) वेचायला निघाली आणि मी हट्टाने तिच्या मागे गेले. चिखलात माझी एक चप्पल रुतून कायमची गेली, मी रडू लागले, तेव्हा तिने जवळच्या तिवराची फांदी माझ्या तोंडापुढे वाकवली आणि म्हणाली, "पान चाटून पळय," म्हणजे चाटून बघ. पान खारट होते. मुळांनी ओढलेले मीठ हे झाड पानांवाटे बाहेर टाकते, हे मी पुढे शाळेत शिकले आणि शाळेतच शिकवलेही; पण त्या दिवशी मला एवढेच वाटले की या झाडाला माझ्यासारखाच घाम येतो. चप्पल मी विसरले.

आता राग कशाचा आला ते सांगते. आपण सीमाभागातले मराठी लोक दर वर्षी १ नोव्हेंबरला काळा दिन पाळतो. "बेळगाव, कारवार, निपाणी, बिदर, भालकीसह संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे" ही घोषणा मी वडिलांचे बोट धरून दिलेली आहे आणि अजूनही देते. १९५६ साली आपल्याला न विचारता म्हैसूर राज्यात घातले गेले, २००४ पासून महाराष्ट्राचा दावा सर्वोच्च न्यायालयात आहे, हे इथे वाचणाऱ्या कोणालाही नव्याने सांगण्याची गरज नाही. त्या घोषणेत कारवार दुसऱ्या क्रमांकावर आहे. मग ज्या कारवारवर आपण एवढ्या मोठ्याने हक्क सांगतो, त्या कारवारच्या चिखलाची आपल्याला किळस का यावी? कारवार म्हणजे केवळ नकाशावरची रेघ, मासळीचे ताट आणि गोव्याला जाता-येताना लघवीला थांबण्याचे ठिकाण एवढेच आहे काय? तिवर आणि कांदळ यांतला फरक सांगता येईल असे आपल्या मोर्चात कितीजण सापडतील?

ती पायवाट कर्नाटकच्याच वन खात्याने केली आहे, हे मला मान्य करावे लागते, आणि चांगली केली आहे हेही. चिखलाला वास येतो, डासही असतात, हेही खरे. पुढे जाऊ.

त्या झुडपांचे काम काय, असा प्रश्न त्या गृहस्थांनी विचारला असता तर मी आनंदाने सांगितले असते. काळी जोयडा तालुक्यात उगम पावते आणि त्याच जिल्ह्यात समुद्राला मिळते. वाटेत सुपा, बोम्मनहळ्ळी, कोडसळ्ळी आणि कद्रा अशी धरणे तिला अडवतात. २०१९ च्या ऑगस्टमध्ये मार्कंडेय आणि मलप्रभा या आपल्याकडच्या नद्यांनी आपली झोप उडवली होती, त्याच दिवसांत कद्रा धरणाचे दरवाजे उघडल्यावर काळीच्या काठची गावे पाण्याखाली गेली होती. आपण आपल्याच चिंतेत होतो, त्यामुळे ती बातमी आपल्यापर्यंत फारशी पोहोचली नाही. वरून नदीचे पाणी आणि खालून भरतीचे पाणी अशा दुहेरी माऱ्यात काठाची माती धरून ठेवण्याचे, पाण्याचा वेग मोडण्याचे आणि गाळ बसवण्याचे काम ही मुळे करतात. त्याच मुळांच्या जाळीत कोळंबीची आणि कितीतरी माशांची पिल्ले मोठ्या माशांपासून लपून वाढतात. कांदळाचे बी तर झाडावर असतानाच रुजते, त्याची लांब हिरवी शेंग खाली पडून चिखलात उभी रुतते आणि तिथेच झाड होते, किंवा पाण्याबरोबर तरंगत दुसरा काठ शोधते.

हे सगळे आत्याला या शब्दांत सांगता आले नसते. तिचा नियम एकच होता: वाळलेले लाकूड न्यावे, ओल्या कांदळाला कोयता लावू नये. शेजारच्या घरी काठावरची झाडे तोडून माडाची रांग लावली होती. दोनतीन पावसाळ्यांत टोकाचे माड मुळांसकट खाडीत आडवे झाले, आणि आत्याने त्यावर एका शब्दाचीही टिप्पणी केली नाही, फक्त मला हाताला धरून ते दाखवायला नेले.

आता कोणीतरी लगेच म्हणेल की बाई बंदराच्या विरोधात आहेत. मुळीच नाही. माझे आतोबा कारवारच्या बैतखोल बंदरावर कारकून होते आणि आत्याची चूल त्या पगारावर पेटत होती. तिसऱ्या फक्त कालवणापुरत्या. कारवारला आज जे काही महत्त्व आहे ते बंदरामुळे आहे. १८६२ मध्ये इंग्रजांनी कारवारचा उत्तर कानडा जिल्हा मद्रासकडून काढून मुंबई इलाख्याला जोडला, त्यामागेही धारवाडकडचा कापूस या बंदरातून बाहेर नेण्याचा हिशेब होता. म्हणजे आपण ज्या जुन्या मुंबई इलाख्याचा दाखला देतो, त्यात कारवार आले तेच मुळी बंदराच्या पायी. आजही मी बैतखोलला गेले तेव्हा डांबराचे टँकर रांगेत होते. त्यातले थोडे डांबर आमच्या गल्लीतल्या खड्ड्यांकडेही वळले तर माझी हरकत नाही.

पण बंदराची हाव वाढली की काय होते तेही कारवारने पाहिले आहे. २०१० मध्ये राज्याने बंदरांतून लोहखनिजाची निर्यात थांबवली, त्याआधी बळ्ळारी-होस्पेटकडून खनिजाचे ट्रक अरबैल घाट उतरून रात्रंदिवस येत होते आणि रस्त्याकडेची झाडे लाल झाली होती. २०२० च्या जानेवारीत बंदराच्या विस्ताराविरुद्ध मच्छीमार रस्त्यावर उतरले, कारवार बंद झाले. त्यांच्या पाठिंब्याला बेळगावातून किती निघाले, याचे उत्तर मी येथे लिहीत नाही, कारण ते तुम्हाला माहीत आहे. पलीकडे नौदलाच्या सीबर्ड प्रकल्पासाठी गावे उठली, किनारा गेला. देशाच्या संरक्षणापुढे मी काय बोलणार. परंतु एवढे सगळे देऊन झाल्यावर खाडीच्या तोंडाशी जो एक हिरवा तुकडा उरला आहे, तोही 'दृश्य अडते' म्हणून काढावा असे एखाद्याला वाटते, तेव्हा माझा संयम सुटतो. पूल दिसायला हवा म्हणे! २०२४ च्या ऑगस्टमध्ये जुना पूल मध्यरात्री ट्रकसकट नदीत गेला, चालकाचे नशीब म्हणून तो वाचला. त्या पुलाचे वय उणेपुरे चाळीस वर्षे होते.

कायदा नाही असेही नाही. किनारा नियमन क्षेत्राच्या अधिसूचनेनुसार कांदळवनाला सर्वांत कडक संरक्षण आहे, आणि ते हजार चौरस मीटरपेक्षा मोठे असेल तर भोवती ५० मीटरचा पट्टाही राखावा लागतो. कायदा असूनही मला धीर येत नाही, कारण 'सुशोभीकरण' या नावाखाली काय काय होते ते आपण आपल्या तळ्यांच्या काठी पाहतोच.

त्या कुटुंबाबरोबर आठ-नऊ वर्षांची एक मुलगी होती. आईवडील फोटो काढण्यात गुंतले असताना ती कठड्यातून वाकून निवट्या पाहत होती आणि "हा मासा चालतोय कसा?" असे कोणालाच उद्देशून नसलेल्या आवाजात विचारत होती. मी तिला सांगितले की कातडी ओली आहे तोवर त्याला पाण्याबाहेरही श्वास घेता येतो, आणि मग, मोह आवरला नाही म्हणून, हाताशी आलेल्या तिवराचे पान दाखवून चाटायला सांगितले. तिने चाटले, तोंड वाकडे केले, थुंकली आणि आईकडे तक्रार केली. आईने माझ्याकडे ज्या नजरेने पाहिले ती मी काही दिवस विसरणार नाही. मुलगी मात्र जाताना दुसरे पान चाटत होती. एवढ्याने माझा अर्धा राग उतरला, हे प्रामाणिकपणे नोंदवते.

तो पुन्हा चढला बैतखोलला. तेच गृहस्थ मासळीवालीशी घासाघीस करत होते आणि त्यांचा आग्रह काय होता ठाऊक आहे? "समुद्रातली नको मावशी, खाडीतलीच कोळंबी पाहिजे, ती गोड असतंय." त्यांनी बर्फात भरून डबाभर कोळंबी घेतली. मी दोन वेळा तोंड उघडले आणि दोन्ही वेळा मिटले, कारण मुलगी बाजूला उभी होती आणि बापाचा अपमान तिच्यासमोर करणे मला जमले नाही. आत्याने तो केला असता, आणि वर कोळंबीही स्वस्तात मिळवून दिली असती.

डिसेंबरातल्या अमावास्येच्या सुमारास मी पुन्हा जाणार आहे. उधाणाच्या दिवसांत पाणी लांबवर उतरते आणि दुपार कलली की चिखल उघडा पडतो. भरतीच्या वेळी जाऊन "काहीच दिसले नाही" म्हणणाऱ्यांनी ही गोष्ट लक्षात ठेवावी. जायचे अणशीवरूनच, कारण काळीच्या सोबतीने खाली उतरल्याशिवाय तिचे मुख पाहण्यात गंमत नाही. गाडीत दोन जागा रिकाम्या आहेत. मुले असतील तर मुलांना आधी जागा मिळेल, मोठ्यांचे नंतर पाहू. जुनी चप्पल घालून यावे आणि वाटेत गोव्याचा विषय काढू नये.