म्हणे ‘चळवळ’ इंग्रजांनी दिली!

स्वस्थ न बसणाऱ्या माणसासाठी मराठीला स्वतःचे शब्दच नाहीत, असं सांगणारा एक मजकूर व्हॉट्सअॅपवर फिरतो आहे. माझ्याकडे तो तीन गटांतून आला, चौथ्यांदा खुद्द मामांकडून. त्यात म्हटलंय, ‘चळवळ’ हा शब्द वर्तमानपत्रांनी इंग्रजी ‘मूव्हमेंट’वरून पाडला. ‘येरझारा’ माळ्याच्या झाऱ्यावरून आला. आणि चुळबूळ, तळमळ, वळवळ म्हणजे खेडवळांनी बिघडवलेलं संस्कृत, अर्थ सगळ्यांचा एकच.

आधी चळवळ. ‘सामर्थ्य आहे चळवळीचें, जो जो करील तयाचें’ ही दासबोधातली ओवी शाळेच्या भिंतीवर आपण सगळ्यांनी वाचली आहे. समर्थ 1681 साली गेले आणि मराठीतलं पहिलं वर्तमानपत्र ‘दर्पण’ निघालं 1832 साली. मध्ये दीडशे वर्षं. आता, सभा-मोर्चे-पत्रकं असा सामूहिक अर्थ या शब्दाला छापखान्याच्या काळात चिकटला, हे मान्य. पण जुना अर्थ काही मेला नाही. ज्याचे हातपाय क्षणभर थांबत नाहीत त्या पोराला आपण अजून चळवळ्या म्हणतो. तो कुठे मोर्चा काढतो?

झाऱ्याची गोष्ट गोड आहे, एवढंच. येणं आणि जाणं मिळून येरझार. संतांनी जन्ममरणाच्या फेऱ्याला येरझार म्हटलं, तिथे माळी कुठून आणायचा?

‘बिघडलेलं संस्कृत’ हा आरोप मात्र जरा निवांत बघण्यासारखा आहे. बाराव्या शतकात गुजरातेत आचार्य हेमचंद्रांनी आठ अध्यायांचं व्याकरण लिहिलं: सात संस्कृताचे, आठवा प्राकृताचा. त्या आठव्यात एक सूत्र आहे. संस्कृतात जिथे ‘भ्रम्’ म्हणजे भटकणं, तिथे प्राकृतात काय काय म्हणतात? टिरिटिल्ल, ढुंढुल्ल, ढंढल्ल, चक्कम्म, भम्मड, झंट, झंप, गुम, फुस... असे अठरा धातू! मोठ्यानं वाचून बघा, जिभेलाच भिंगरी लागते. ‘भम्मड’मध्ये भ्रम् ओळखू येतो, पण कितीही बिघडवलं तरी त्याचं ‘टिरिटिल्ल’ कसं होईल? हेमचंद्रांनीही तसा आव आणला नाही. एकाच्या जागी दुसरा, म्हणजे ‘आदेश’, म्हणून ते नोंदवले आणि पुढे गेले. ज्या शब्दांचा माग संस्कृतात लागत नाही त्यांच्यासाठी त्यांनी ‘देशीनाममाला’ हा वेगळा कोशच केला. संस्कृताचं व्याकरण ज्याच्या बोटांवर, त्या माणसाला लोकांच्या तोंडचे शब्द टाकाऊ वाटले नाहीत. आपली चुळबूळ त्या अठरांत नाही, पण गोत तेच. आणि ‘ढुंढुल्ल’ वाचताना आपलं धुंडाळणं आठवतंच.

राहिला ‘अर्थ एकच’ हा मुद्दा. बाळंतपणाच्या दवाखान्याचा व्हरांडा डोळ्यांसमोर आणा. बाकावरचे आजोबा चुळबूळ करताहेत: बूड इकडून तिकडे, धोतराचा सोगा पुन्हा सारखा, पण उठायचं नाव नाही. होणारा बाप दारापासून जिन्यापर्यंत येरझारा घालतोय. मावशीच्या मांडीवरचं पोर वळवळतंय, त्याला खाली उतरायचंय. एक चुलतभाऊ नर्सच्या टेबलाशी उगाच लुडबुड करतोय, तिची स्वतःची लगबग चाललेली. आत बाई तळमळतेय. सासूबाई मात्र देवाचं नाव घेत निश्चल बसल्यात आणि जिवाची घालमेल सगळ्यात जास्त त्यांचीच. यातले कुठलेही दोन शब्द अदलाबदल करून बघा. बाप वळवळतोय म्हणालात तर मार खाल.

उसनवारी नाहीच, असं माझं म्हणणं नाही. रात्रीची गस्त फारसीतून आली आणि ती खुशाल राहावी. पण एक गस्त उसनी म्हणून अख्खं घर भाड्याचं ठरत नाही.

मामांना समर्थांची ओवी आणि दोन्ही सालं पाठवली. नावाखाली ‘टाइप करत आहे’ उमटलं, गेलं, पुन्हा उमटलं, पुन्हा गेलं. बराच वेळ येरझारा चालल्या होत्या.