खुलासा : कापिटी बेटावरील एका दिवसाच्या सहलीबाबत

न्यूझीलंडमधील कापिटी बेटावर स्वतःच्या बोटीने कधीही उतरता येते, तेथील सामान तपासणी हा निव्वळ उपचार असतो आणि दिवसभराच्या सहलीत कीवी पक्षी हमखास दिसतो, असा मजकूर सध्या फिरत आहे. तो चुकीचा आहे.

1897 पासून पक्ष्यांसाठी राखीव असलेल्या या बेटावर जाण्यासाठी परवानाधारक बोटसेवेत आगाऊ नोंदणी करावी लागते. समुद्र खवळलेला असल्यास फेरी रद्द होते, म्हणून एखादा पर्यायी दिवस हाताशी ठेवणे शहाणपणाचे. तपासणीला तर ठोस कारण आहे. 1996 मध्ये मोठी मोहीम राबवून पक्ष्यांची अंडी-पिल्ले खाणाऱ्या बेटावरील उंदरांचा नायनाट करण्यात आला, आणि बॅगेत दडलेली एखादी गाभण उंदरीण ते सारे श्रम पाण्यात घालू शकते. त्यामुळे बॅगेचे सर्व कप्पे रिकामे करून पाहावेत, तसेच बुटांच्या तळव्यांत अडकलेली माती आणि वेल्क्रोला चिकटलेल्या बियाही घरीच काढून टाकाव्यात. राहिला कीवीचा प्रश्न. लहान ठिपकेदार कीवी येथे मोठ्या संख्येने आहेत खरे, पण ते निशाचर असल्याने दुपारी परतणाऱ्यांनी त्यांची आशा धरू नये. ‘काका’ नावाचे तेथील पोपट मात्र भरदिवसा डब्यावर डल्ला मारायला येतात.