‘काय खाल्लं असेल’ असं विचारणाऱ्यांसाठी

आज सकाळी आमच्या सोसायटीच्या हॉलमध्ये ‘पोट सांभाळा, आयुष्य सांभाळा’ असं एक व्याख्यान झालं. आहारतज्ज्ञ बाई होत्या, प्रोजेक्टर होता, मागे मिलेटच्या लाडवांचा स्टॉलसुद्धा होता. घास बत्तीस वेळा चावा, वेळेवर जेवा, रात्री लवकर जेवा, इथपर्यंत मी निमूट ऐकत होते. मग बाई म्हणाल्या, “पोटाचे कॅन्सर होत नाहीत, ते आपण ओढवून घेतो.” हॉलभर माना डोलल्या. शेजारच्या काकूंनी तर वहीत लिहून घेतलं. मी उठून घरी आले, भांडी आपटली, आणि आता इथे लिहितेय.

ओढवून घेतो म्हणे!

माझी आत्या मंगळवेढ्याकडची. दुसऱ्याच्या रानात रोजाने जायची. खुरपणी, काढणी, मिळेल ते. पहाटे चुलीपुढे बसून मिश्री लावायची आणि वर कपभर उकळता चहा. मिश्री का, तर “भूक मरती गं, दुपारपत्तूर काय लागत न्हाय.” घास अडकायला लागला तेव्हा म्हणाली, पित्त खवळलंय. भाकरी दुधात कुस्करून खायला लागली, मग आमटीत, मग नुसती पेज. गावातला डॉक्टर दर खेपेला गॅसची गोळी द्यायचा, सलाइन लावायचा, पैसे घ्यायचा. दुर्बीण घालून बघायचं तर सोलापूर. म्हणजे दिवसाचा खाडा, दोन माणसांचं भाडं, तपासणीचे पैसे वेगळेच. आणि खुरपणीचे दिवस चाललेले. शेवटी दाखवायला नेलं तेव्हा पाणीसुद्धा उतरत नव्हतं. अन्ननलिकेचा कॅन्सर.

आता सांगा, यातलं तिने काय ओढवून घेतलं?

हो, मिश्री वाईटच. तंबाखूने अन्ननलिकेचा कॅन्सर होतो हे सिद्ध झालेलं आहे, मान्य. पण भूक मारायला तंबाखू लागावा अशी वेळ कुणावर येते, तेही बोला ना. ते स्लाइडवर नव्हतं.

हा कॅन्सर जगात कुठे कुठे ठाण मांडून बसलाय ते बघा. इराणच्या गोलेस्तान प्रांतात, चीनच्या हेनान प्रांतातल्या लिनशियानमध्ये, केनिया आणि मलावीत. तेहरानच्या बंगल्यांतला हा आजार नाही. गोलेस्तानात तो जास्त करून गरीब, कमी शिकलेल्या, खेड्यातल्या माणसांना गाठत आला. फळं-भाज्या ताटात क्वचित, कढत चहा, दुखणं दाबायला अफू. 65 अंशांहून गरम पेयांनी बहुधा कॅन्सर होतो, असं जागतिक कॅन्सर संशोधन संस्थेने 2016 साली सांगितलं. चहा निवेपर्यंत थांबायला सवड कुणाला असते? आत्याला नव्हती. मुकादम थांबत नाही. आणि गोलेस्तानात, लिनशियानात हा आजार नंतर कमी होत गेला तो जगणं जरा सुधारलं तसा. तिथे कुणी हॉल भाड्याने घेऊन व्याख्यानं दिली म्हणून नव्हे.

जठराच्या कॅन्सरचंही तेच. त्यामागे बहुतेक वेळा एक जिवाणू असतो, हेलिकोबॅक्टर पायलोरी. या जिवाणूने पोटाला सूज येते, अल्सर होतो असं ऑस्ट्रेलियातले डॉक्टर बॅरी मार्शल सांगत होते, पण त्यांच्यावर कुणी विश्वास ठेवेना, म्हणून त्यांनी 1984 मध्ये तो स्वतःच पिऊन दाखवला. 2005 मध्ये त्यांना आणि त्यांचे सहकारी रॉबिन वॉरन यांना नोबेल मिळालं. हा जिवाणू पोटात शिरतो तो लहानपणी. एका खोलीत सात-आठ माणसं, एका वाकळेत चार पोरं, पाण्याचा भरवसा नाही, अशा घरात. म्हणजे साठाव्या वर्षी होणाऱ्या आजाराचं बी पाचव्या वर्षी पडलेलं. पाच वर्षांच्या पोराने काय ओढवून घेतलं?

अमेरिकेत विसाव्या शतकाच्या सुरुवातीला कॅन्सरने होणाऱ्या मृत्यूंत जठराचा कॅन्सर सगळ्यात पुढे होता. मग तो उतरत गेला, आणि तो उतरावा म्हणून कुणी मोहीम काढलेली नव्हती. घराघरात फ्रिज आला, खारवलेलं मांस कमी झालं, वर्षभर ताजी भाजी मिळायला लागली, पाणी स्वच्छ झालं, घरात गर्दी कमी झाली. बत्तीस वेळा चावायला लागले म्हणून नाही हो, काकू. जपानमधून हवाईला गेलेल्या लोकांचं बघा. त्यांच्या मुलाबाळांत जठराचा कॅन्सर कमी झाला आणि आतड्याचा वाढला. रक्त तेच, देव तेच, फक्त पत्ता बदलला.

आता कुणीतरी लिहीलच की आतड्याचा कॅन्सर श्रीमंतांना जास्त होतो. हो, होतो. बसून काम, लठ्ठपणा, दारू, डबाबंद मांस. सुबत्ता आली की तोही येतो. घ्या, दिला हा मुद्दा. पण अमेरिकेतसुद्धा या आजाराने गोऱ्यांपेक्षा काळी माणसं जास्त प्रमाणात मरतात. तिथे 2021 पासून सांगतात की पंचेचाळिसाव्या वर्षी तपासणी सुरू करा. ज्याच्याकडे विमा नाही, ज्याला रजा मिळत नाही, तो कधी करणार? खाडा तिथेही असतोच, फक्त डॉलरमध्ये.

आणि लिव्हरचा कॅन्सर. गॅम्बियासारख्या देशात दमट कोठीतल्या शेंगदाण्यांवर बुरशी धरते, तिच्यात अफलाटॉक्सिन नावाचं विष असतं. ते पोटात जातं आणि जोडीला ब गटाची कावीळ. बुरशी लागलेले दाणे फेकून देणं ही चैन आहे, ज्याच्या घरात दुसरं काही असतं त्याला जमते. तैवानने 1984 मध्ये बाळांना कावीळ ब ची लस द्यायला सुरुवात केली, तशी तिथल्या मुलांमधला लिव्हरचा कॅन्सर घटत गेला. आपल्याकडे ती लस देशभरातल्या बाळांपर्यंत न्यायला 2011 उजाडलं. मधल्या वर्षांत जन्मलेल्यांनी काय करायचं, जिरेपाणी प्यायचं?

बरं, त्या लाडवांवर येते. मिलेट म्हणजे काय, तर ज्वारी. मंगळवेढा म्हणजे ज्वारीचं कोठार, शाळेत शिकलोय आपण. आत्याने जन्मभर ज्वारीची भाकरी खाल्ली. फायबर म्हणा, लोकल म्हणा, सिझनल म्हणा, ग्लूटेन-फ्री म्हणा, सगळं होतं तिच्या ताटात. वर ठेचा आणि असली तर कोरड्यास. रात्री सात वाजता जेवून दिवे मालवायची, कारण लाइटच नसायची. इंटरमिटंट फास्टिंग तर तिने न ठरवता केलं. मग?

रागाच्या भरात लिहितेय, पण एक सांगायचं राहून जायला नको. मुंबईला आणल्यावर तिच्या नाकातून नळी घातली होती, सगळं पातळ करून त्यातून द्यायचं. एक दिवस मी जेवत होते तर हात पुढे केला. भाकरीचा कोर मागितला. मी आईकडे बघितलं, आई म्हणाली दे. तिने तो तोंडात ठेवला आणि चावत बसली. डोळे मिटून, कितीतरी वेळ. गिळता येत नव्हतं, म्हणून मग वाटीत थुंकला. म्हणाली, “चव कळती गं अजून.” मग रोज जेवणाच्या वेळी तिला एक कोर द्यायचो आणि शेजारी वाटी. सून वाटी धुवायची, कधी तोंड वाकडं केलं नाही तिने. चावण्याचं महत्त्व माझ्या आत्याला कुणी शिकवू नका.

दक्षिण कोरियात चाळिशी ओलांडलेल्यांना दर दोन वर्षांनी सरकारी कार्यक्रमातून जठराची तपासणी करून घेता येते, आणि करून घेणाऱ्यांतल्या बहुतेकांची ती दुर्बिणीने होते. त्यामुळे तिथे जठराचा कॅन्सर भरपूर असूनही लवकर सापडतो आणि निम्म्याहून कितीतरी जास्त रुग्ण पाच वर्षांनंतरही जिवंत असतात. आता ती दुर्बीण जठरात जाते कुठून? अन्ननलिकेतूनच ना? आत्या तिथे शेतमजूर असती तर कुणाला तरी वाटेत ती गाठ दिसली असती. कोरिया श्रीमंत आहे, आपली लोकसंख्या बघा, वगैरे मला माहीत आहे. सगळ्यांना दुर्बीण शक्य नाही, कबूल. पण ज्याला घास अडकतोय त्याला तरी?

आपल्याकडे योजना आहेत, त्या वाईट नाहीत. महात्मा फुले योजनेत ऑपरेशन बसतं, केमो बसते, लोकांचे जीव वाचलेत. पण कॅन्सर आहे असा कागद हातात आला की मग योजना. त्या कागदापर्यंतचा खाडा, एसटीचं भाडं, गोळ्यांवर घालवलेले महिने, हे कुठल्या योजनेत बसतं? परळला टाटाच्या बाहेर फुटपाथवर प्लास्टिक अंथरून बसलेली कुटुंबं बघितली असतीलच तुम्ही. त्यांना विचारा, इतक्या उशिरा का आलात. एकही जण म्हणणार नाही की आम्ही चावून खात नव्हतो.

त्या बाईंचा हेतू चांगला असेल. लाडूही चांगले असतील. पण हॉलमध्ये मागे खुर्च्या लावायला आमच्या बिल्डिंगमध्ये काम करणाऱ्या मावशी उभ्या होत्या, आणि त्यांच्या नवऱ्याचं गेल्या वर्षी आतड्याचं ऑपरेशन झालंय. ‘ओढवून घेतो’ त्यांनीही ऐकलं. माझं डोकं फिरलं ते तिथे.

असो. सकाळी ग्रुपवर थोडं लिहिलं होतं, त्यावर एका मैत्रिणीचा मेसेज आलाय. तिच्या आईला महिनाभर घास अडकतोय आणि घरचे पित्त म्हणून बसलेत. तिला मी उद्याच दुर्बिणीला ने म्हणून सांगितलंय. ती लातूरकडची आहे. तिथे किंवा तुमच्या तालुक्यात, जिल्ह्यात सरकारी किंवा धर्मादाय दवाखान्यात दुर्बिणीची तपासणी कुठे होते, कुठल्या वारी होते, साधारण किती पैसे लागतात, हे पक्कं माहीत असेल तर खाली लिहा. फक्त तेवढंच लिहा. हळद, गोमूत्र, लक्ष्मणफळ असलं काही आलं तर डिलीट करणार आहे, मग रुसू नका.